एएस रिपोर्ट, गळालेले पाय आणि एक हाफ मॅरेथॉन

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि धावपटू म्हणावं इतकीही नाही. नागपुरात ऑफिसात बसून काम करणारी, ३६ वर्षांची, एका नऊ वर्षांच्या पोराची आई. दीड-दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादाने सकाळचं रनिंग सुरू केलं, दोनदा दहा किलोमीटर पूर्ण केलं आणि हुरूप येऊन जानेवारी २०२५ च्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. हे लिहायचं कारण एवढंच की त्याआधीच्या ऑगस्टमध्ये माझ्या हातात सिकलसेलचा (आईबाबांकडून येणारा, रक्तातल्या तांबड्या पेशींचा आजार) रिपोर्ट आला तेव्हा मी रात्री दोनपर्यंत मोबाइलवर शोधत बसले होते, आणि मराठीत जे सापडलं ते एकतर लग्नाआधी तपासणी करा एवढंच, नाहीतर रुग्णांबद्दल. वाहक असलेल्या, म्हणजे स्वतः आजारी नसून ते रक्तात अर्धं बाळगणाऱ्या माणसाने धावायचं की नाही, धावलं तर रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे साध्या भाषेत कुठेच मिळेना.

तर ११ ऑगस्ट २०२४, रविवार. आदल्या आठवड्यात दोन दिवस ताप येऊन गेला होता, झोप अर्धवट, गुडघा दुखत होता म्हणून निघताना रिकाम्या पोटी पेनकिलर घेतलेली. ग्रुपचं त्या दिवशी सेमिनरी हिल्सच्या चढावर रिपीट्स होतं, म्हणजे चढ जोरात पळायचा, खाली चालत यायचं, असं आठ वेळा. नागपूरचा ऑगस्ट ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पाऊस थांबला की सहा वाजताच अंगाला चिकचिक होते. पाण्याची बाटली गाडीत राहिली होती, म्हटलं नंतर पिऊ. मागे राहिलेलं दिसू नये म्हणून मी खाली यायचा वेळही कमी करत होते, हा शुद्ध मूर्खपणा.

पाचव्या फेरीत पाय जड झाले आणि सहाव्या फेरीत ते पायच राहिले नाहीत. क्रॅम्प मला माहीत होता, पोटरीत गोळा येतो, माणूस ओरडतो. हे तसं नव्हतं. दुखणं होतं पण मुख्य म्हणजे मांड्यांमध्ये ताकदच नाही, ओल्या कणकेसारख्या. मी रस्त्याच्या कडेला बसले, डोकं शाबूत होतं, सगळ्यांशी नीट बोलत होते, म्हणून कोणालाच फार गंभीर वाटलं नाही. कोच म्हणाला, "ताई, शुगर डाउन झाली असेल," कोणीतरी चॉकलेट दिलं. वीसेक मिनिटांनी उभी राहिले, घरी आले, वर तर्री पोहेसुद्धा खाल्ले. दुपारी बाथरूमला गेले तर लघवीचा रंग काळ्या चहासारखा.

घाबरले, पण रविवार होता म्हणून सोमवारपर्यंत थांबले. तुम्ही असं करू नका. असा रंग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, वार बघू नका.

सोमवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला दिली. पट्टीवर रक्त तीन प्लस, आणि खाली सूक्ष्मदर्शकात तांबड्या पेशी जेमतेम दोन-तीन. लॅबवाल्याला वाटलं काहीतरी चुकलं, त्याने परत सॅम्पल मागितलं. डॉक्टर मात्र रिपोर्ट बघूनच उठले. म्हणाले, पट्टी रक्त दाखवतेय पण पेशी नाहीत, याचा अर्थ स्नायू तुटून त्यातलं रंगद्रव्य लघवीत उतरतंय. लगेच सीपीके, म्हणजे स्नायू तुटले की रक्तात वाढणाऱ्या घटकाची तपासणी, करायला लावलं, ते आलं ११,४००. नॉर्मल दोनशेच्या आत असतं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३, माझं एरवी ०.८. त्याच संध्याकाळी ॲडमिट, दोन रात्री सलाईन, दर दोन तासांनी लघवी मोजून लिहायची. १४ तारखेला सीपीके ६,२०० वर आलं, रंग स्वच्छ झाला आणि घरी सोडलं. पंधरा ऑगस्टला पोराच्या शाळेत झेंडावंदनाला गेले पण तीन पायऱ्या चढताना कठडा धरावा लागला.

ॲडमिट असताना राउंडला आलेल्या फिजिशियनने एकच प्रश्न विचारला, "गाव कोणतं?" मी म्हटलं नागपूर. "तसं नाही, मूळ गाव?" मी म्हटलं आर्मोरीकडचं, गडचिरोली जिल्हा. "सिकलसेलची तपासणी झालीये कधी?"

झाली होती! हीच तर गंमत आहे. २००९ मध्ये कॉलेजात शिबिर लागलं होतं, आम्हा सगळ्यांचं बोट टोचून रक्त घेतलं होतं, रांगेत उभं राहून आम्ही हसत होतो. रिपोर्ट कधी आलाच नाही. आला असेल तर ऑफिसात पडून राहिला असेल, आणि आम्हीही विचारायला गेलो नाही. नंतर वाचताना कळलं की नागपुरातल्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल लॅन्सेटसारख्या मासिकात १९५८ सालीच लिहून ठेवलंय. विदर्भाला १९५८ पासून माहीत आहे, मला कळायला २०२४ उजाडलं.

दवाखान्यातच सोल्युबिलिटी टेस्ट झाली. रक्ताचे थेंब एका द्रावणात टाकतात, मागे रेषा आखलेला कागद धरतात. रेषा दिसल्या तर ठीक. माझ्या नळीतून रेषा दिसत नव्हत्या, ताकासारखं गढूळ. पण ही टेस्ट फक्त सिकलसेलचं 'एस' हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते, माणूस वाहक आहे की रुग्ण हे सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करावी लागते. मला हे कोणी नीट सांगितलं नाही, नर्सने फक्त "पॉझिटिव्ह आलंय हं" म्हणून कागद दिला. माझ्या लांबच्या मावशीचा मुलगा सिकलसेलने सारखा दवाखान्यात असायचा, हातपाय दुखून रडायचा, ते लहानपणी बघितलेलं. त्या कागदावरून मी स्वतःला तिथे नेऊन बसवलं. नंतर कळलं की ३६ वर्षं काहीही त्रास न होता गेली यावरूनच रुग्ण असण्याची शक्यता फार कमी होती, पण त्या रात्री हे कोणाला सुचतंय.

पुढची तपासणी बाहेर केली असती तर खासगी लॅबने १,१०० रुपये सांगितले होते. सरकारी दवाखान्यात फुकट होते म्हणून तिकडे गेले. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालंय, सतरा राज्यांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं त्याचं ठरलंय, त्यामुळे चाळीसच्या आत असाल तर विनासंकोच जा आणि मागा. मी २० ऑगस्टला, मंगळवारी गेले. आधी केस पेपरची रांग, तिथे पाऊण तास. मग कळलं रक्त घेणारी खोली दुसऱ्या इमारतीत, तिथे गेले तर "अकरानंतर सॅम्पल घेत नाही, उद्या या". घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं. मी काही बोलले नाही, नुसती उभी राहिले, तर त्या बाईंनीच वर बघितलं आणि म्हणाल्या, "या बसा, ऑफिसला सुट्टी घेतली असन ना." एका माणसाचा चांगुलपणा आणि एका पाटीचा नियम, असा आपला सगळा कारभार. टीप म्हणून सांगते, आधार कार्डाची झेरॉक्स दोन न्या, नऊच्या आधी पोचा आणि रिपोर्ट कधी, कुठल्या खिडकीवर, हे केस पेपरच्या मागे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. मी लिहून घेतलं म्हणून दुसऱ्यांदा फिरावं लागलं नाही.

रिपोर्ट मिळाला २९ ऑगस्टला. ते नऊ दिवस मी फार वाईट वागले घरात. नवऱ्यावर चिडले, पोराला उगीच कुशीत घेऊन झोपले. रिपोर्टवर नेहमीचं हिमोग्लोबिन ए ५७.६ टक्के, एस ३७.१, आणि खाली 'एएस पॅटर्न', म्हणजे वाहक. समुपदेशक मुलगी होती, पंचविशीची असेल, तिने इतकं सोपं करून सांगितलं. आईबाबांपैकी एकाकडून 'एस' आलं तर वाहक, दोघांकडून आलं तर रुग्ण. वाहकाला औषध लागत नाही, तो आजारी नसतो. नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता पंचवीस टक्के, म्हणून नवऱ्याला आणा. मी विचारलं, "आणि रनिंग?" ती थांबली. "मॅडम, असं कोणी विचारलं नाही अजून. जपून करा." एक कार्ड दिलं, नाव, वय, एएस.

जपून म्हणजे काय, यासाठी मग पुढचे दोन आठवडे गेले. एका डॉक्टरांनी "सिकलसेल आहे ना, मग कशाला धावता, योगा करा" म्हणून पाचशे रुपये घेतले. शेवटी मैत्रिणीच्या ओळखीने पुण्यातल्या एका स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांची ऑनलाइन वेळ मिळाली, १३ सप्टेंबर, संध्याकाळी सात, फी १,२०० रुपये. गणपतीचे दिवस, खाली ढोल वाजतायत, मी पलंगाच्या आणि कपाटाच्या मधल्या फटीत बसून हेडफोन लावून ऐकतेय. त्यांनी वीस मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटं दिली.

त्यांनीही आधी गावच विचारलं. धानाचा मुलूख म्हटल्यावर म्हणाल्या, मग पाट आणि बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, माहीत असतील. मोठ्या रक्तवाहिन्या हे पाट, स्नायूतल्या केशवाहिन्या म्हणजे बांधीत पाणी सोडायची तोंडं. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि केशवाहिनी कधी कधी त्याहून अरुंद, त्यामुळे पेशीला दुमडून, घसटून आत जावं लागतं. पेशी मऊ असते म्हणून ते जमतं. वाहकाच्या प्रत्येक पेशीत थोडं 'एस' असतं, एरवी ते गुपचूप बसतं. पण स्नायू जिवाच्या आकांताने काम करतात तेव्हा तिथला ऑक्सिजन खाली जातो, आम्ल वाढतं, ऊब वाढते, पेशीतलं पाणी कमी होतं, आणि हे चारही एकदम झालं की 'एस' चे धागे जुळायला लागतात, पेशी कडक होते, काही तर विळ्यासारख्या वाकतात. मग तोंडं तुंबतात, स्नायूला आणखी कमी ऑक्सिजन, आणखी पेशी कडक, असं चक्र. माझ्या सहाव्या फेरीत बहुतेक हेच झालं होतं. तापातून उठलेली, पाणी नाही, चढ, विश्रांती कमी, आणि वरून पेनकिलरने किडनीचा रक्तपुरवठा आवळलेला. "तुम्ही सगळ्या अटी एकाच दिवशी पूर्ण केल्यात," असं म्हणाल्या, आणि मला हसू आलं, पहिल्यांदाच त्या महिन्यात.

मग मी विचारलं की मग लांब पळणं तर आणखीच वाईट असेल. तर नाही म्हणाल्या, आणि मला जे कुठेच सापडत नव्हतं ते इथे मिळालं. रक्तवाहिन्यांना आतून एक पातळ अस्तर असतं. रक्त जोरात वाहिलं की ते अस्तराला घासत जातं, त्या घासण्यानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैल होते. रोज संथ, लांब पळणाऱ्याचं अस्तर याला सरावतं, वेळेवर सैल होतं. पण दमछाक होईपर्यंतचा अचानक व्यायाम केला की उलटं, अस्तर चिडतं, त्यावर पेशींना चिकटवून धरणारे रेणू वर येतात, फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन ते नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. फ्रान्स आणि कॅमेरूनमधल्या संशोधकांनी वाहकांना असं दमवून रक्त तपासलं तेव्हा व्हीकॅम नावाचा त्यातला एक रेणू वाहकांमध्ये जास्त दिसला, आणि नियमित व्यायाम करणाऱ्या वाहकांमध्ये ही वाढ तशी दिसली नाही. सराव केलेल्या वाहकांच्या रक्तात गंजण्याची, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताणाची लक्षणंही कमी. म्हणजे सवय असलेल्या रक्तवाहिन्या तेच रक्त वेगळ्या तऱ्हेने सांभाळतात.

अजून एक सांगितलं ते मला फार अजब वाटलं. कॅमेरूनमध्येच तरुणांच्या मांडीतल्या स्नायूचा बारीक तुकडा काढून बघितलं तर वाहकांच्या स्नायूत केशवाहिन्यांची दाटी थोडी कमी, वळणं कमी, आणि रुंद वाहिन्या जास्त. जणू शरीरानेच ठरवलंय की गल्लीबोळ कमी ठेवू, रस्ते रुंद ठेवू, कडक पेशी अडकायला नकोत. जाणूनबुजून कोणी केलं नाही, शरीर आपलं आपण जुळवून घेत असावं. मी त्या रात्री माझ्या मांडीकडे बघत बसले होते, खरंच.

मी विचारलं माझ्या रक्तवाहिन्या किती सैल होतात याची टेस्ट करता येईल का. असते, दंडाला पट्टा पाच मिनिटं आवळून ठेवतात, सोडल्यावर धमनी किती फुगते ते सोनोग्राफीवर मोजतात. पण ती संशोधनाची टेस्ट, माझ्या बाबतीत त्या आकड्यावरून कोणताच निर्णय बदलणार नाही, उगीच पैसे घालू नका म्हणाल्या. हे ऐकून त्यांच्यावरचा विश्वास वाढला. त्याऐवजी किडनीची सोनोग्राफी, लघवीतलं अल्ब्युमिन, लोह, ड जीवनसत्त्व आणि पुन्हा सीपीके करायला लावलं. वाहकांची किडनी लघवी नीट घट्ट करू शकत नाही, पाणी जास्त बाहेर टाकते, म्हणून तहान लागेपर्यंत बरंच पाणी गेलेलं असू शकतं. मला लहानपणापासून रात्री दोनदा उठावं लागायचं, आई म्हणायची पोरीचं मूत्राशय लहान आहे. आता कळलं.

भीती घालवायला त्यांनी अमेरिकी सैन्याचे दोन अभ्यास सांगितले. १९८७ चा जुना अभ्यास, त्यात भरतीच्या प्रशिक्षणात वाहक असलेल्या कृष्णवर्णीय जवानांच्या अचानक मृत्यूचं प्रमाण वाहक नसलेल्यांच्या जवळपास तीसपट आलं होतं. नेटवर सगळीकडे तोच भीती घालत फिरतो. आणि २०१६ चा, ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिकांचा, त्यात वाहकांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही. मधल्या काळात सैन्याने उन्हातलं प्रशिक्षण, पाणी, विश्रांती याचे नियम सगळ्यांसाठीच कडक केले होते. मात्र स्नायू तुटण्याचा धोका ५४ टक्के जास्त निघाला, म्हणजे मला जे झालं ते. तेव्हा घाबरायचं कशाला आणि कशाला नाही हे तरी नीट कळलं.

आणि उंचीबद्दल बजावलं. रायन क्लार्क नावाचा अमेरिकन फुटबॉलपटू, वाहक, २००७ मध्ये डेन्व्हरला, समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, मॅच खेळला आणि त्याची प्लीहा निकामी होऊन काढावी लागली. आमच्या ग्रुपचं लडाख मॅरेथॉनचं चाललं होतं, ते मी तिथल्या तिथे डोक्यातून काढलं.

इकडे इन्शुरन्सचं वेगळंच सुरू होतं. दवाखान्याचं बिल १८,६४० रुपये, कॅशलेस नव्हतं म्हणून २१ ऑगस्टला सगळे कागद लावून क्लेम टाकला. ९ सप्टेंबरला मेल, की डिस्चार्ज कार्डवर सिकलसेल लिहिलंय, हा आजार पॉलिसी घेण्याआधीपासून होता का, आणि होता तर जाहीर का केला नाही. जन्मापासून आहे हो, पण मला ऑगस्टमध्ये कळलं, आणि तो आजार नाही! फोनवर हे चार वेळा चार जणांना सांगितलं. शेवटी फिजिशियनकडून लेटरहेडवर तीन ओळी लिहून आणल्या, की रुग्ण वाहक आहे, वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, निदान अमुक तारखेला प्रथमच झालं, ॲडमिशनचं कारण स्नायूंना झालेली इजा. सोबत एचपीएलसीचा रिपोर्ट. डिस्चार्ज कार्डवर 'सिकलसेल ट्रेट' (म्हणजे वाहक) ऐवजी नुसतं 'सिकलसेल' लिहिलं गेलं होतं, तो एक शब्द राहिला म्हणून हे सगळं. डिस्चार्ज घेताना कागद वाचा, घाईत असलात तरी वाचा. पैसे आले ३० ऑक्टोबरला, सत्तर दिवसांनी, १६,२१० रुपये, बाकीचे हातमोजे-सिरिंजमध्ये कापले.

६ सप्टेंबरलाच सीपीके १४८ झालं होतं, सोनोग्राफी स्वच्छ होती. १६ सप्टेंबरपासून परत सुरुवात केली, पण चालण्याने. पहिले दोन आठवडे नुसतं चालणं, मग दोन मिनिटं पळणं दोन मिनिटं चालणं. नियम एकच, पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वॉर्मअप वीस मिनिटं, आधी मी पाच मिनिटांत उरकायचे. चढाचे रिपीट्स बंद. नंतर नोव्हेंबरात सपाटीवर थोडे वेगाचे तुकडे घेतले पण मध्ये श्वास पूर्ण खाली येईपर्यंत थांबायचं, घड्याळ काहीही म्हणो. ताप आला तर उतरल्यावर आठवडाभर सुट्टी, पेनकिलर घेऊन पळायचं नाही, आणि पाय गळाल्यासारखे वाटले की तिथेच थांबायचं, पुढच्या खांबापर्यंतसुद्धा नाही. पाण्यासाठी कमरेचा पट्टा घेतला, ८५० रुपये. सेनेगलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या वाहकांवर बघितलंय म्हणे, पाणी न देता खेळवलं की रक्त घट्ट राहतं, हवं तसं पाणी पिऊ दिलं की इतरांसारखंच होतं. पण ढसाढसा लिटरभर प्यायचं नाही, तेही वाईट, तहानेप्रमाणे घोट घोट. मी मीठ-जिऱ्याचं ताक न्यायला लागले तर ग्रुपमध्ये हसले, आता निम्मे जण आणतात.

ग्रुपच्या कोचने मात्र डॉक्टरचं पत्र मागितलं, त्याशिवाय सोबत घेणार नाही म्हणाला. आधी राग आला, मग वाटलं बरोबर आहे त्याचं. पुण्याच्या डॉक्टरांनी पत्र दिलंच, वर कोचसाठी एक परिच्छेद लिहिला, की ही खाली बसली आणि नीट बोलत असली तरी क्रॅम्प समजू नका, पळायला लावू नका, सावलीत ठेवा, पाणी द्या, पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं नाही तर दवाखाना. कोचने ते ग्रुपवर टाकायची परवानगी मागितली. मी दोन दिवस विचार केला, कारण आपल्याकडे सिकलसेल म्हटलं की लोक लगेच जातीचा अंदाज बांधायला लागतात. मग म्हटलं टाका. टाकल्यावर तिघांनी वेगळे मेसेज करून विचारलं, तपासणी कुठे होते.

घरच्यांचं मी मुद्दाम मागे ठेवलं लिहिताना, कारण तेच सगळ्यात जड होतं. सप्टेंबरच्या शेवटी नवऱ्याची टेस्ट झाली. सासूबाई म्हणाल्या, "त्याले कशाले टोचता, आमच्यात नाही असं काही." तो काही न बोलता गेला. त्याचा रिपोर्ट एए आला, म्हणजे 'एस' नाहीच, आणि मला कळलं की मी महिनाभर श्वास अर्धाच घेत होते. आईचा एएस. तिने रिपोर्ट उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे माह्याकडून आलं का वो तुले?" तिला समजवायला पूर्ण दुपार गेली, की यात तुझा दोष नाही, मलेरियाच्या मुलखात ज्यांच्या रक्तात हे अर्धं होतं त्यांना मलेरिया कमी मारायचा, म्हणून ते टिकलं, गडचिरोलीचा मलेरिया तर तूच सांगतेस ना. मग थोडी शांत झाली, आणि संध्याकाळी शेजारणीला अभिमानाने सांगत होती की आमच्या रक्ताले मलेरिया भीत होता. (तिला दोनदा झालाय.)

भाचा पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटरसाठी रोज भर दुपारी चार वाजता मैदानावर असतो. तो टेस्टला तयारच नव्हता, त्याला भीती की कार्डावर आलं तर भरतीत बाहेर काढतील. मी त्याला तेव्हा जबरदस्ती केली नाही. फक्त वेळ बदलून सकाळची घे, ताप असला तर जाऊ नको आणि पाय गळाले तर थांब, एवढं कबूल करून घेतलं. दिवाळीत स्वतःहून टेस्ट करून आला. काय आलं ते त्याचं आहे, मी लिहीत नाही.

मुंबईला दुरांतोने गेलो, बीकेसीत बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेतला, त्याच्या मागे आजारांची माहिती लिहायची जागा असते, तिथे 'सिकलसेल ट्रेट, एएस, पेनकिलर देऊ नये' असं ठळक लिहून नवऱ्याचा नंबर टाकला. १९ जानेवारीची पहाट, माहीम कॉजवे. नागपूरच्या थंडीतून आलेल्या माणसाला मुंबईची ती दमट हवा ओल्या टॉवेलसारखी. सी-लिंकवर वारा होता, तिथे छान गेलं. पेडर रोडचा चढ मी सगळा चाललेच. आजूबाजूने सत्तरीचे आजोबा पळत पुढे गेले, प्रेक्षकांतली एक काकू "चालू नका, चला पळा" ओरडत होती, तिला हात केला. मरीन ड्राइव्हला ऊन आलं तेव्हा मांड्या जड झाल्यासारख्या वाटल्या, थांबले, दोन मिनिटं कठड्याला टेकून पाणी प्यायले, जडपणा साधा निघाला. दोन तास बावन्न मिनिटं लागली.

त्या दिवशी लघवीचा रंग मी तीनदा उजेडात नेऊन बघितला असेल. २१ तारखेला नागपुरात सीपीके केलं, ७१२. पुण्याच्या डॉक्टरांनी मेसेजवर लिहिलं, एवढं कोणाही रनरचं असतं, पाच दिवस आराम. क्रिएटिनिन ०.८.

पोराची टेस्ट फेब्रुवारीत केली, तोही एएस. तो शाळेत फुटबॉल खेळतो. मी पुण्याच्या डॉक्टरांचा तो परिच्छेद मराठीत लिहून पीटीच्या सरांना नेऊन दिला, की त्याला खेळवा, सगळं खेळवा, फक्त शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावू नका, पाय गळाले म्हणाला तर बहाणा समजू नका आणि पाणी मागितलं तर मॅच थांबायची वाट बघू नका. सरांनी कागद दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि म्हणाले, मग सगळ्याच पोरांसाठी दर पंधरा मिनिटांनी पाणी ठेवू, एकट्याला वेगळं कशाला. पोराला नवी बाटली घेऊन दिलीय, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून, आतापर्यंत तीनदा हरवून आलाय.